परसातला बहावा : पाण्याच्या हिशेबाने

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने झाडावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. झाडे ही वनस्पतिशास्त्रवाल्यांची, फुले ही कवींची आणि आमच्या वाट्याला किर्द-खतावणी, अशी वाटणी आपण महाविद्यालयात पाऊल ठेवतानाच करून घेतो. परंतु घराच्या परसात झाड लावणे हा निर्णय मुळात गुंतवणुकीचा आहे. जागा थोडी, पाणी त्याहून थोडे, आणि परतावा मिळायला आठ-दहा वर्षे! अशा वेळी कोणते झाड निवडावे, त्यावर किती खर्च करावा आणि तो केव्हा थांबवावा, हा विचार हिशेबाच्या माणसानेही करायला हरकत नाही. आमच्या घरी हा विचार २०१६ साली झाला. त्यातून उभा राहिलेला बहावा आज गच्चीच्या कठड्यापर्यंत पोहोचला आहे. त्याच्या आधारे हे झाड घरी कसे वाढवावे आणि ते कोणाला परवडते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

आधी आपल्या भागातील पाण्याची गोष्ट पाहू. बेळगाव जिल्हा म्हणजे दोन टोकांचा प्रदेश आहे. पश्चिमेला मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी आणि जांबोटीचे रान. तिकडे पाऊस एकदा सुरू झाला की छत्री मिटायची सोय नाही. पूर्वेला अथणी-रायबागकडे जावे तर शेतकरी आभाळाकडे पाहून पेरतो. आमचे शहर या दोहोंच्या मध्ये. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे आकडा पाहिला तर तक्रारीला जागा नाही. पण तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान पडून जातो. नोव्हेंबरपासून मेपर्यंत, अधूनमधून वळवाची एखादी सर सोडली, तर जमीन कोरडीच. तेव्हा अवर्षण सोसणारे झाड म्हणजे केवळ कमी पावसाचे झाड नव्हे. सलग सहा-सात महिने वरून थेंब न पडता जे उभे राहते, ते आपल्या कामाचे झाड. ही व्याख्या नीट ध्यानात घेतली तर रोपवाटिकेतील निम्मी रोपे आपोआप बाद होतात.

आमच्या परसात एक आड आहे. एप्रिलच्या मध्याला त्याचा तळ दिसू लागतो. राकसकोप आणि हिडकल येथून शहराला पाणी येते खरे, पण आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही. त्यामुळे घरातली प्रत्येक बादली आईच्या हिशेबातली असते. २०१६ चा उन्हाळा असाच गेला. आधीच्या वर्षीचा पाऊस अपुरा, आड मार्चमध्येच आटलेला. परसातली जास्वंद आणि दोन गुलाब वाळून गेले. तेव्हा चुलत्यांनी तोडगा काढला, ‘‘सगळीकडे कोबा घालून टाका की. पाणीच नाही तर झाडं कशाला?’’ त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कोबा केला की झाडलोट सोपी, चिखल नाही, स्कूटर लावायला जागा. गल्लीतल्या बहुतेक घरांनी तेच केले आहे. पण एकदा कोबा झाला की पावसाचे पाणी आडाच्या आसपास मुरायची वाट बंद होते, शिवाय मेमध्ये तो संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेला असतो. आजोबांनी एकच अट घातली. तीन वर्षे पाणी घालू. चौथ्या वर्षी जे झाड पाणी मागेल ते काढून कोबा घाला. या अटीत बसणारे झाड म्हणून बहावा आला.

झाडाचे नाव सांगताना आपल्या गावात एक गंमत होते. मराठीत बहावा म्हटले की कन्नड शेजारी मान हलवतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर झाड येत नाही. आमच्या शेजारच्या अज्जींनी रोप चांगले गुडघ्याएवढे झाल्यावर पाने निरखून विचारले, ‘‘इदु कक्की गिड अल्लेनु?’’ म्हणजे, हे कक्कीचे झाड नव्हे का? पुस्तकी कन्नडमध्ये कक्के, आमच्याकडील बोलण्यात कक्की. हिंदीत तेच अमलतास. संस्कृतात आरग्वध आणि राजवृक्ष. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायाला याच झाडावरून आरग्वधीय असे नाव मिळाले आहे. केरळात विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, याची फुले देवापुढे मांडतात आणि ते त्या राज्याचे राज्यफूलही आहे. थायलंडने तर हे आपले राष्ट्रीय फूल ठरवले असून तेथील नाव राजवृक्ष याच शब्दावरून आलेले आहे. लिनियसने १७५३ साली दिलेले शास्त्रीय नाव कॅशिया फिस्टुला. फिस्टुला म्हणजे नळी; शेंग पाहिली की नावाचा उलगडा होतो.

आता हे झाड कोरड्या महिन्यांत तग धरते ते कसे, ते पाहू. बी रुजले की बहावा प्रथम वर न वाढता खाली वाढतो. पहिल्या पावसाळ्यात रोप वीतभर दिसते आणि घरचे लोक निराश होतात. पण तेवढ्यात त्याचे सोटमूळ मुरुमातून खोल उतरू लागलेले असते. मोठ्या झाडाची दुसरी युक्ती म्हणजे पानगळ. पाणी उडून जाते ते मुख्यतः पानांवाटे. कडक उन्हाळा सुरू होताच बहावा पाने गाळून तो खर्च बंद करतो आणि साठवणीच्या बळावर फुलतो. म्हणून तर पानांचा पत्ता नसताना झाडभर पिवळे घोस लोंबताना दिसतात. आमच्या भाषेत सांगायचे तर मंदीच्या काळात आस्थापना खर्च कमी करून हे झाड आपले मुख्य काम चालू ठेवते.

याच्या उलट आपण रस्तोरस्ती लावलेली झाडे पाहा. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचे. परदेशी म्हणून त्यांचा तिरस्कार करावा असे मी म्हणत नाही. मिरची आणि बटाटाही बाहेरूनच आले. गुलमोहरावर माझा आक्षेप वेगळा आहे. त्याची मुळे वरच्या थरात पसरतात, फांद्या ठिसूळ असतात, आणि जूनच्या पहिल्या वादळात फांदी कोणाच्या कौलांवर पडेल याचा नेम नाही. आमच्या मागच्या घराच्या कुंपणाची भिंत त्यानेच पाडली. चार खोल्यांच्या घरालगत ते झाड नको. पळस आपला आणि काटकही, पण वाढ फार धिमी आणि खोड वेडेवाकडे. त्याची शोभा माळावर. पांगाऱ्याला काटे. जागा फारच चिंचोळी असेल तर कांचन किंवा आपटा लावावा, दोन्ही लहान चणीची आणि आपल्या मातीतली. दहा-बारा फूट मोकळी जमीन आणि दिवसभराचे ऊन असेल तर मात्र बहावाच लावावा, असे माझे मत आहे. सावलीत तो जगतो, पण फुलत नाही.

रोप विकत घेण्यापेक्षा बी लावणे मला अधिक पसंत आहे. त्याला कारण आहे. माझ्या वर्गमित्राच्या घरी एका रोपवाटिकेतून बहावा म्हणून रोप आणले. तीन वर्षे त्याला जपले, पाणी घातले, आणि फुले आली ती फांद्यांच्या शेंड्यांवर उभ्या झुपक्यांनी. तो निघाला कासोद. पिवळी फुले म्हटली की बहावा, असे सर्रास चालते. सोनमोहोरही त्याच नावाने विकला जातो. फरक ओळखणे कठीण नाही. सोनमोहोराचे पान गुलमोहरासारखे, बारीक दलांचे. कासोदाची दले लहान आणि शेंगा चपट्या. बहाव्याच्या पानात मोठ्या, तळहाताएवढ्या लांब दलांच्या चार ते आठ जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस असते, फुलांचे घोस खाली लोंबतात आणि शेंग गोल, नळीसारखी, हातभर लांब. म्हणून ज्या झाडाची फुले आपण डोळ्यांनी पाहिली त्याच्याच शेंगा गोळा कराव्यात. खर्चही नाही.

शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागते. यंदाच्या फुलांची शेंग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर काळी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली पडलेल्या काळ्या शेंगा उचलाव्यात. हलवली असता खुळखुळली तर उत्तम. हातोडीने हलकेच ठोकून फोडली की आत रुपयांच्या चळतीसारखे आडवे पडदे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात एकेक चपटे, तपकिरी, चकचकीत बी. सोबत काळा, चिकट, गोडसर मगज असतो. जंगलात कोल्हे, अस्वले, माकडे हा मगज खातात आणि बी लांबवर नेऊन टाकतात. आपण बिया पाण्यात चोळून स्वच्छ धुवाव्यात. किड्याने भोक पाडलेल्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात.

या बीचे कवच इतके कठीण की पाणी आत शिरतच नाही. तसेच पेरले तर महिनोन्महिने मातीत पडून राहते आणि ‘बहावा उगवत नाही’ असा बोलबाला होतो. प्रयोगशाळेत त्यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरी त्या फंदात कोणी पडू नये. कानस, पॉलिश पेपर किंवा अंगणातला खरबरीत दगड पुरतो. बीच्या ज्या टोकाला शेंगेशी जोडल्याची खूण असते ते टोक सोडून, पलीकडच्या कडेला थोडे घासावे. तपकिरी रंग जाऊन आतला फिका भाग दिसला की थांबावे. अधिक घासले तर आतल्या अंकुराला इजा होते. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे. सकाळी जे बी फुगून दुप्पट झाले ते पेरण्यास तयार. जे तसेच राहिले ते पुन्हा घासावे. आम्ही बारा बिया घासल्या त्यांतल्या नऊ पहिल्याच रात्री फुगल्या. फुगलेले बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर पेरले की साधारण एक ते तीन आठवड्यांत दोन जाड दलपत्रे वर येतात.

पिशवीत रोप करायचे असल्यास पिशवी उंच घ्यावी, आणि एका पावसाळ्याहून अधिक काळ रोप तिच्यात ठेवू नये. सोटमूळ तळाला टेकले की वेटोळे घेते आणि असे रोप पुढे खोल जात नाही. आमच्या आजोबांनी हा प्रश्नच ठेवला नाही. त्यांनी थेट खड्ड्यातच बी टाकले. खड्डा मात्र आधीच, मे महिन्यात तयार होता. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढावा. आमच्याकडे फूटभर तांबड्या मातीखाली मुरूम लागला, तो पहारीने फोडावा लागला. तळ नुसता खरवडून न सोडता पहारीने आणखी वीतभर सैल केला. खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू दिला आणि मग वरची माती व दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून भरला. जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर त्यात पाच बिया टाकल्या. तीन उगवल्या. श्रावणात त्यांतले जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापली. उपटली असती तर ठेवलेल्या रोपाची मुळे हलली असती.

काळ्या जमिनीत राहणाऱ्यांनी एक फरक करावा. बहाव्याला कोरड सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या मातीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात हौदच. तेथे जमिनीपासून फूटभर उंच वरंबा किंवा ढीग करून त्यावर बी लावावे आणि पाण्याला वाट काढून द्यावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात महापुराने हाहाकार केला, तेव्हा आमच्या परसातही तीन दिवस पाणी तुंबले होते. मुरुमामुळे ते लवकर जिरले आणि तीन वर्षांचे झाड वाचले. घरापासून अंतरही आधीच मोजून घ्यावे. भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि संडासाच्या टाकीपासून किमान दहा-बारा फूट.

आता मुख्य प्रश्न पाण्याचा. आजोबा घरखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर झाडाचे पाणी लिहीत. त्यांच्या पश्चात ती वही माझ्याकडे आली आणि पहिल्या वर्गात शिकलेले खर्चाचे वर्गीकरण मी प्रथम तिच्यावरच करून पाहिले. आमची घागर साधारण पंधरा लिटरची. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी, आठवड्याला एक घागर. तेरा आठवड्यांचे १९५ लिटर. फेब्रुवारी ते मे आठवड्याला दोन घागरी. सतरा आठवड्यांचे ५१० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी दोन घागरी, अशा बारा पाळ्या, ३६० लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा दोन घागरी, सहा पाळ्या, १८० लिटर. एकूण १,२४५ लिटर. त्यानंतर वहीत नोंद नाही, कारण २०१९ च्या पावसाळ्यानंतर या झाडाला आम्ही हाताने पाणी घातलेले नाही.

तुलनेसाठी हिरवळ घेऊ. दहा फूट बाय दहा फूट एवढ्या हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तरी दिवसाला सुमारे ४६ लिटर लागतात. चार महिन्यांचे साडेपाच हजार लिटर होतात आणि हा खर्च दरवर्षी नव्याने. हिरवळ म्हणजे महसुली खर्च. थांबवला की दुसऱ्या आठवड्यात माल पिवळा. बहाव्याचे पाणी हा भांडवली खर्च, आणि पुस्तकात भांडवली मालमत्तेला जो घसारा लावायला शिकवतात तो येथे उलट्या दिशेने चालतो. हे उदाहरण मी तोंडी परीक्षेत दिले तेव्हा परीक्षक हसले, पण गुण कापले नाहीत.

पाणी कसे द्यावे यालाही महत्त्व आहे. रोज तांब्याभर पाणी शिंपडले तर मुळे वरच्याच थरात घुटमळतात. क्वचित पण भरपूर, हा नियम. आमच्याकडे खोडापासून फूटभर अंतरावर एक जुने मडके गळ्यापर्यंत पुरले होते. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापसाची वात घातलेली. घागर त्या मडक्यात ओतायची आणि वरून कौलाचा तुकडा झाकायचा. पाणी उन्हाने उडत नाही आणि मुळे खाली शोधत जातात. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटे थर ठेवावा, खोडाला मात्र टेकू देऊ नये. परसातला पाला पेटवून देण्याची जी रीत आहे ती या बाबतीत सर्वांत महाग पडते. (कन्नड विभागासाठी हाच मजकूर मी लिहून पाहिला, तेव्हा घागरीला ‘कोड’ हा नेमका शब्द अज्जींनी सुचवला, पुरलेल्या मडक्याची रीत त्यांच्या माहेरीही होती.)

खताबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. शेंगवर्गातली झाडे मुळांवरच्या गाठींत हवेतील नत्र साठवतात, असे आपण शाळेत शिकतो. बहावा शेंगवर्गातला असूनही त्याच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. तेव्हा पहिली चार वर्षे पावसाच्या आरंभी एक घमेले शेणखत द्यावे. रासायनिक खताची गरज आम्हाला पडली नाही. शेळ्या-गुरे याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. पावसाळ्यात मात्र पानांवर हिरव्या अळ्या दिसतात आणि काही फांद्या पार बोडक्या होतात. या अळ्यांची पुढे पिवळसर-पांढरी फुलपाखरे होतात. औषध फवारू नये. महिन्याभरात झाडाला पुन्हा पालवी येते. छाटणी जेवढी कमी तेवढी बरी. डोक्याला लागणाऱ्या खालच्या फांद्या फुले येऊन गेल्यावर काढाव्यात, एवढेच.

पहिली फुले आली २०२३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे झाडाच्या सातव्या वर्षी. अवघे चार घोस. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. आमचा आड फेब्रुवारीतच आटला. आईने तुळशीचे पाणीसुद्धा निम्म्यावर आणले. आजोबांच्या अटीची खरी परीक्षा तेव्हा झाली, आणि ती पाहायला ते नव्हते. चुलते रोज सकाळी गच्चीवरून झाडाकडे पाहत. बोलत काही नसत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाड फुलले. त्या वर्षी मी एकतीस घोस मोजले. कोब्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. एका झाडावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला कळते. परंतु कोरडा, कडक उन्हाळा बहाव्याच्या फुलांना मानवतो आणि सतत पाणी दिलेले झाड पानांतच रमते, ही गोष्ट मुरलेले माळीही सांगतात.

फूल जवळून पाहण्यासारखे आहे. पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर. पण दहाही सारखे नाहीत. तीन लांब, बाकदार आणि बाहेर आलेले, चार मध्यम, तीन आखूड. फुलात मकरंद नसतो. पाहुण्याला मिळतो तो परागच. मोठे काळे सुतार भुंगे फुलाला लटकून अंग थरथरवतात, तेव्हा पराग पिठासारखा उडतो. तो गुंजारव सकाळी सात-आठच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. मेमध्ये परीक्षेचा अभ्यास चालू असताना ही करमणूक फुकट.

बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असा कोकणात आणि आपल्याकडेही समज आहे. वहीत पहिले फूल उमलल्याच्या तारखा आहेत, तेव्हा ताळा घेणे सोपे. २०२३ साली पहिले फूल १८ एप्रिलला. हिशेबाने पाऊस २ जूनला यावा. मोसमी वारे केरळातच ८ जूनला पोहोचले. २०२४ साली २० एप्रिल. ४ जून हा दिवस बराचसा जुळला. २०२५ साली २१ एप्रिल. हिशेब ५ जूनचा, पण मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात दाखल झाला आणि आमचा आड मेमध्येच भरू लागला. म्हणजे तिनांत एक. झाड आपल्या ऋतुक्रमाने एप्रिलच्या उत्तरार्धात फुलते आणि पाऊस सरासरीने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. दोन तारखांमधले अंतर दीड महिन्याच्या आसपास भरणारच. जुन्या शेतकऱ्याला खुणेचा उपयोग होता, कारण त्याच्याकडे दुसरे साधन नव्हते. पेरणी करणाऱ्याने आज वेधशाळेचा अंदाज ऐकावा हे बरे.

आता दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर हा लेख जाहिरात ठरेल. पहिला दोष म्हणजे वाट पाहणे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला सात-आठ वर्षांचा हा व्यवहार परवडणारा नाही. दुसरा अधिक गंभीर: जेव्हा सावली सर्वांत हवी तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, काही आठवडे झाड जवळजवळ उघडे असते. दुपारी बाज टाकून पडायला झाड हवे असेल त्याने कडुलिंब किंवा करंज लावावा. तिसरा दोष केराचा. आधी पाने, मग पाकळ्यांचा सडा, नंतर वर्षभर अधूनमधून शेंगा. पाकळ्यांचा केर काढताना आई रागावत नाही, शेंगांचा काढताना रागावते. शेवटचा सावधगिरीचा. शेंगेतला मगज रेचक आहे. वैद्य तो औषधात वापरतात, पण मात्रा त्यांनाच ठाऊक. गोड लागतो म्हणून लहान मुलांनी खाल्ला तर जुलाब होतात, आणि बिया तर खाऊच नयेत. लहान मुले असलेल्या घरी पडलेल्या शेंगा रोज उचलाव्यात.

गेल्या एप्रिलच्या फुलांच्या शेंगा सध्या झाडावर काळ्या होत आहेत. मोजून छप्पन्न आहेत. एका शेंगेत चाळीस-पन्नास बिया सहज निघतात, तेव्हा तुटवडा पडण्याचे कारण नाही. हा अंक हाती येईल तेव्हा त्या पडायला लागलेल्या असतील. ज्या विद्यार्थी मित्रांना अथवा प्राध्यापकांना बी हवे असेल त्यांना धुऊन, वाळवून देईन. घासायचे मात्र ज्याचे त्याने, पेरण्याच्या आदल्या दिवशीच. घासलेले बी ठेवून चालत नाही, न घासलेले पावसापर्यंत सहज टिकते. खड्डा मेच्या पहिल्या आठवड्यात खणून ठेवावा. अज्जींच्या नातवाने अथणीकडच्या शेताच्या बांधावर लावायला वीस बिया आधीच मागून ठेवल्या आहेत. तिकडची जमीन काळी आहे, त्याला वरंब्याचे सांगितले आहे.